घराचं काम झाल्यावर उरलेल्या सामानाचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचं काम काढलं की सगळं लक्ष नवीन काय आणायचं याकडे असतं. प्रश्न येतात ते काम संपल्यावर. बाल्कनीत टाइल्सचे बॉक्स, माळ्यावर प्लायचे तुकडे, अर्धी गोणी सिमेंट, जिन्यात टेकवून ठेवलेली जुनी दारं आणि रोज विचारणारे सोसायटीचे सेक्रेटरी. फ्लॅट, वाडे आणि गावाकडची घरं अशा सगळ्या कामांमधून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांना क्रमांक दिलेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. कामातून नेमकं काय काय उरतं? सगळंच वापरण्यासारखं असतं का?

नाही. उरणारं सामान तीन प्रकारचं असतं. पहिला प्रकार न वापरलेला नवा माल: टाइल्स, सिमेंट, रंग, प्लाय, वायर. दुसरा घरातून काढलेला जुना माल: दारं, चौकटी, ग्रील, नळ, फरशा, ओट्याचा दगड. तिसरा राडारोडा. पहिल्याचा प्रश्न मुदतीचा असतो. दुसऱ्याची किंमत तो कसा काढला यावर ठरते. तिसऱ्याचं घरात फारसं काही होत नाही, तो योग्य जागी पोहोचवणं एवढंच आपलं काम (प्रश्न १६).

२. मग यासाठी काम सुरू होण्याआधी काही ठरवावं लागतं का?

हो, आणि माझ्या मते या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. सामान वाया जातं ते बहुतेक वेळा एकत्र मिसळल्यामुळे. पहिल्या दिवशी हातोडा चालला आणि पितळी नळ, सागाची चौकट, विटा, प्लास्टर सगळं एका ढिगात गेलं, की नंतर त्यातून काही वेगळं काढायला कोणालाच वेळ नसतो.

म्हणून तोडफोडीच्या आधी एक दिवस ‘उतरवण्याचा’ ठेवा. आधी दिवे, पंखे, स्विच. मग नळ, शॉवर, बेसिन. मग दारांची पानं, कड्या-कोयंडे, बिजागऱ्या. मग ग्रील आणि खिडक्या. चौकटी आणि ओटा शेवटी. स्क्रू, बिजागऱ्या ज्या दाराच्या त्याच दाराला पिशवीत बांधून ठेवायच्या. मिस्त्रीला हे कामाची बोली करतानाच सांगा. चौकट पहारीने उखडणं आणि कडेचं प्लास्टर फोडून सोडवणं यात मजुरीचा फरक पडतो आणि तो मागणं त्याचा हक्क आहे.

३. उरलेला माल माझा की ठेकेदाराचा?

काम मजुरी बोलीवर असेल, म्हणजे माल तुम्ही आणून दिला असेल, तर उरलेली शेवटची टाइलही तुमची. काम मालासकट दिलं असेल तर जास्तीचा माल सहसा ठेकेदार परत नेतो. पण दुरुस्तीसाठी दोन-चार टाइल्स आणि थोडा रंग ठेवून जायचा, हे आधी लिहून घ्या.

जुन्या मालाची गोष्ट वेगळी. तोडफोड करणारे लोक भाव सांगताना जुनं लोखंड, ॲल्युमिनियम, लाकूड त्यात धरतात. त्यात गैर काही नाही, पण तुम्हाला ते माहीत असायला हवं. सागाची दारं तुम्हाला ठेवायची असतील तर भाव ठरण्याआधीच सांगा. भाव ठरल्यावर ‘दारं आम्हाला हवीत’ म्हटलं की वाद ठरलेला.

४. दुकानदार उरलेला माल परत घेतात का?

न उघडलेला बॉक्स, बिल आणि लवकर परत नेण्याची तयारी असेल तर बरेच दुकानदार घेतात. खरेदीच्या वेळी विचारून बिलावर तसं लिहून घ्या. मशीनवर शेड बनवून घेतलेला रंग, कापलेली वायर, कापलेला प्लाय आणि दगड परत जात नाही. सिमेंट घेतलंच तर त्याच आठवड्यात.

५. टाइल्स जपून ठेवाव्यात का? किती?

ठेवाव्यातच. पाइप गळला, फरशी फुटली की तीच टाइल बाजारात मिळणं कठीण असतं. डिझाइन बदलतं, आणि डिझाइन तेच असलं तरी बॅच बदलली की छटा बदलते. म्हणून बॉक्सवरचा बॅच आणि शेडचा भाग कापून टाइल्सबरोबर ठेवा किंवा फोटो काढा. हॉलच्या फरशीचा एक बॉक्स आणि प्रत्येक बाथरूमच्या भिंतीच्या पाच-सहा टाइल्स बहुतेक घरांना पुरतात.

टाइल्स उभ्या ठेवायच्या, आडव्या नाहीत. वजनही लक्षात घ्या. दोन बाय दोन फुटांच्या चार टाइल्सचा बॉक्स साधारण २८ ते ३० किलोचा असतो. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे एका चौरस मीटरला २०० किलोच्या वापरभाराचा हिशेब धरून आखलेला असतो. दहा बॉक्स माळ्याच्या एका कोपऱ्यात रचणं म्हणजे काय, हे यावरून कळेल. भिंतीच्या कडेने, वेगवेगळ्या खोल्यांत, पलंगाखाली विभागून ठेवा.

६. उरलेल्या भिंतीच्या टाइल्स जमिनीला लावल्या तर चालतील?

नको. भिंतीची सिरॅमिक टाइल पातळ आणि सच्छिद्र असते. पायाखाली ती गुळगुळीत, वर बादली पडली की तडा. उलटं मात्र चालतं: जमिनीची टाइल भिंतीला लावता येते. पण जमिनीची विट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, ०.५ टक्क्याहून कमी, त्यामुळे साध्या सिमेंटच्या स्लरीवर (पातळ कालवलेल्या सिमेंटवर) ती नीट धरत नाही. तिला टाइल ॲडहेसिव्हच लागतं.

कापलेले आणि फुटके तुकडे गच्चीवर चायना मोझॅकसाठी, म्हणजे तुकडे जुळवून केलेल्या फरशीसाठी, कामाला येतात. पांढऱ्या, फिक्या रंगाचे तुकडे वेगळे काढा. ते ऊन परतवतात आणि खालची खोली कमी तापते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलेलं ओळखीत कोणी असेल तर गोणीभर तुकडे त्यांना द्या, मिस्त्री आनंदाने घेतो. अख्ख्या पण थोड्याच टाइल्स असतील तर सिंकखालच्या कप्प्याचा तळ, गॅस सिलिंडरची जागा, तुळशी वृंदावनाचा चौथरा, कुंड्यांचा कट्टा, एवढं व्यवस्थित निघतं.

७. अर्धी गोणी सिमेंट उरलंय. किती दिवस टिकतं?

गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तिथून तीन महिने हा साधारण नियम. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात उघडी गोणी तेवढीही टिकत नाही, कारण सिमेंट हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि आतल्या आत धरायला लागतं.

हात घालून बघा. चांगलं सिमेंट गार लागतं, चिमटीत पिठासारखं मऊ वाटतं. गुठळी बोटांनी दाबल्यावर लगेच भुगा झाली तर ती नुसती वजनाने दबलेली आहे. दाबूनही फुटली नाही किंवा आत खडे लागले तर ते सिमेंट धरलेलं आहे. चाळून पुन्हा ‘नवं’ होत नाही.

दोन्हीच्या मधलं, म्हणजे थोडं जुनं पण भुसभुशीत सिमेंट अंगणातली वाट, कुंड्यांचा कट्टा, बागेतली छोटी कड यासाठी वापरा. स्लॅब, कॉलम, बीम, पाण्याची टाकी यासाठी कधीही नाही, आणि तशा कामासाठी दुसऱ्यालाही देऊ नका. ठेवायचं असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, जमिनीपासून उंच फळीवर, भिंतीपासून लांब.

पुट्टी आणि पीओपीला हाच नियम. पुट्टी एकदा पाण्यात कालवली की दोन-तीन तासांत संपवायची, उरलेली फेकायचीच.

८. रेती आणि विटांचे तुकडे कुंडीत घालू का?

विटांचे तुकडे चालतात, पण सिमेंट चिकटलेले नकोत. सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि जास्वंद, मोगरा, गुलाब पिवळे पडतात. नदीची जाड रेती धुऊन मातीत थोडी मिसळता येते. क्रश सँडमध्ये बारीक दगडाची भुकटी असते, ती पाण्याने बसते आणि माती घट्ट करते, म्हणून ती कुंडीत नको.

विटांच्या रोड्यांना दुसरा चांगला उपयोग आहे: गच्चीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवायला विटांच्या तुकड्यांचा घातलेला थर. अख्ख्या जुन्या विटा वापरायच्या तर दोन विटा एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला तर सोडा. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीच्या विटा सहज सुट्या होतात. सिमेंटातल्या सोडवताना बहुतेक फुटतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नये.

९. सिंकसाठी कापलेला ग्रॅनाइटचा तुकडा मिस्त्रीने बाजूला ठेवलाय. त्याचं काय होतं?

पुष्कळ होतं. सिंकच्या जागेतून निघालेला दोन बाय दीड फुटाचा १८ मिलिमीटर जाडीचा तुकडा साधारण १३ किलोचा असतो. ओट्यावर पोळ्या लाटायला, गरम कुकर उतरवायला, बाल्कनीत धुण्याचा दगड म्हणून तो उत्तम. त्याच्या कडा मात्र कच्च्या असतात आणि हात कापतो. दगड कापणारा कामावर असतानाच कडा घासून गोल करून घ्या. नंतर तेवढ्यासाठी मशीन घेऊन कोणी येत नाही. कापताना मारलेल्या छेदांनी कोपरे चिरलेले असतील तर तेवढी पट्टी काढून टाका. लांब पट्ट्या खिडकीच्या पाटाला, बाथरूमच्या उंबऱ्याला, मांडणीच्या फळीला जातात.

जुना कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीच्या जातीचे दगड. ॲसिडने धुऊ नका, दगड खाल्ला जातो. साबण, घासणी आणि वेळ एवढं पुरतं. शहाबादी काढताना शाबूत निघाली तर अंगणात, पार्किंगमध्ये, विहिरीच्या कडेला पुन्हा बसते.

१०. जुनी सागवानी दारं आणि चौकटी भंगारात द्याव्यात का?

आधी साग आहे का ते बघा. चौकटीच्या मागच्या, रंग न लागलेल्या बाजूला पटाशीने पातळ ढलपी काढा. साग आतून सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, आणि त्याला स्वतःचा असा वास असतो. रंगाखाली काय दडलंय ते या एका ढलपीवरून कळतं. जुन्या इमारतींत ऑइलपेंटचे थर चढलेली चौकट ‘साधं लाकूड’ म्हणून राडारोड्यात जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता मोजमाप. सात बाय तीन फुटांची, चार बाय तीन इंच जाडीची चौकट घ्या. दोन उभे सात-सात फूट आणि वरचा आडवा तीन, मिळून १७ फूट. लाकूड भरतं सुमारे १.४ घनफूट. नवा साग वखारीत घनफुटावर विकला जातो. त्या दिवसाचा भाव विचारा आणि मग भंगारवाल्याचा आकडा ऐका.

मग तपासणी. चौकटीचे खालचे सहा इंच स्क्रूड्रायव्हरने टोचा. बाथरूमच्या चौकटी तिथेच कुजतात. बोटाने वाजवत वर जा, पोकळ आवाज आला तर वाळवी. बारीक भोकं आणि खाली ताजी पिवळसर भुकटी दिसली तर किडा अजून जिवंत आहे. असं लाकूड घरात ठेवू नका, बाकीच्या फर्निचरला लागतं.

चांगलं निघालेलं लाकूड कापायला नेण्याआधी खिळे काढा. चौकटीत होल्डफास्टचे (चौकट भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे) स्क्रू, जुन्या कड्यांचे मोडके खिळे पुटीखाली लपलेले असतात. लाकडावरून लोहचुंबक फिरवला की जागा कळते. एक खिळा राहिला तरी करवतीचं पातं जातं, म्हणून वखारवाले जुनं लाकूड घ्यायला कुरकुरतात. चुंबक फिरवून दाखवला की घेतात.

चौकटीच्या उभ्या तुकड्यांचे बाकाचे पाय, चौरंग, देवघराची मांडणी, भिंतीवरच्या फळ्या होतात. दाराच्या पानाचं टेबल होतं, पण दिवाणखान्यात जागा असेल तरच. ठेवायला जागा नसेल तर विका. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडची जुन्या फर्निचरची दुकानं, इथे अशा मालाचे जाणकार भेटतात.

११. जुन्या दाराचा रंग खरवडून मूळ लाकूड काढायचंय. घरी करता येईल?

घरात, मुलं असताना, कोरड्या पॉलिश पेपरने तर मुळीच नाही. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्यात, शिसं असण्याची शक्यता बरीच. घासलेली धूळ हवेत उडते, जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते.

दार घराबाहेर न्या. पाणी मारून ओल्या पेपरने घासा किंवा पेंट रिमूव्हर लावून खरवडा. नाका-तोंडाला चांगला मास्क, खाली प्लास्टिक, शेवटी सगळा कचरा गुंडाळून वेगळा. ब्लोलॅम्पने जाळून काढायची पद्धत टाळा, शिशाची वाफ श्वासात जाते. शंका असेल तर रंग न काढता त्यावरच नवा थर द्या.

१२. प्लाय आणि सनमायकाचे तुकडे खूप उरलेत. काय ठेवू, काय नको?

सुतार जायच्या आत निवडा. १८-१९ मिलिमीटरचे फूटभर रुंदीच्या वरचे तुकडे ठेवा, त्यांच्या फळ्या होतात. ६ मिलिमीटरचे ड्रॉवरच्या तळाला लागतात. बाकीचं सगळं द्या. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने ग्रेड लिहा: बाजारात ‘एमआर’ म्हणतात तो नुसत्या दमटपणासाठी, ७१० नंबरचा पाण्याच्या जागेसाठी. कापलेल्या तुकड्यावर शिक्का राहत नाही, आणि वर्षाने सिंकखाली चुकीचा प्लाय लागला की फुगतो. कापलेल्या कडांना फेविकॉलचा हात किंवा एज बँड लावा, वाळवीचा आणि दमटपणाचा शिरकाव कडेतूनच होतो.

सनमायकाचा मोठा तुकडा गुंडाळू नका, सपाट ठेवा. दोन वर्षांनी कपाटाचा कोपरा उडाला की तोच रंग हाताशी असतो.

१३. हे तुकडे गावाला बंबात किंवा चुलीत जाळले तर?

नको. प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेले असतात, सनमायकात मेलामाइन असतं. त्यांचा धूर डोळ्यांना, फुफ्फुसांना घातक. रंगवलेलं लाकूडही नको, कारण प्रश्न ११ मध्ये आहे. बिनरंगाचं, बिनपॉलिशचं भरीव लाकूड तेवढं बंबाला द्या. प्लाय कापलेला भुसाही कंपोस्टमध्ये टाकू नये.

१४. रंग उरलाय. पुन्हा वापरता येईल?

पाण्याचा इमल्शन रंग नीट बंद केला तर काही वर्षं टिकतो. मोठ्या डब्यात तळाला थोडाच असेल तर लहान बरणीत काढा, हवा जितकी कमी तितकं बरं. बरणीवर खोली, शेडचा कोड आणि तारीख लिहा. वापरताना सुती कापडातून गाळा. नासल्यासारखा वास आला तर त्यात जिवाणू झालेत, तो भिंतीला लावला तर वासही भिंतीला राहतो.

थोडा-थोडा उरलेला एकाच प्रकारचा इमल्शन एकत्र करून कोठीची खोली, कपाटाची आतली बाजू रंगवता येते. ऑइलपेंट आणि इमल्शन एकत्र करू नका. आतला रंग बाहेर लावू नका. काहीही मोरीत ओतू नका. उरलेला इमल्शन रेतीत किंवा भुशात मिसळून सुकवा, मग टाका.

एक इशारा: अळशीच्या तेलाने पॉलिश केलं असेल तर त्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा.

१५. वायर, पाइप, नळ?

नव्या वायरचे उरलेले लांब तुकडे ठेवा आणि जाडी लिहून ठेवा: दिव्यांना १.५, प्लगला २.५, गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटर हा साधारण हिशेब. भिंतीतल्या पाइपमध्ये दोन तुकडे जोडून ओढायचे नाहीत. घरातून निघालेली जुनी वायर वापरू नका, तिचं आवरण कडक होऊन तडकतं. तिच्यातलं तांबं भंगारात चांगला भाव देतं. आवरण जाळून तांबं काढणाऱ्याला मात्र देऊ नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

सीपीव्हीसी (पाण्याच्या प्लास्टिक) पाइपचे फूटभर तुकडे आणि न वापरलेले एल्बो, टी हे जोड एका पिशवीत ठेवा. रात्री पाइप फुटला की पाच रुपयांच्या एल्बोसाठी दुकान उघडं नसतं. जुने पितळी नळ वजनाला जड असतात आणि वॉशर बदलला की पुन्हा चालतात. बाल्कनीला, बागेला लावा.

१६. राडारोडा टेकडीच्या पायथ्याशी किंवा नाल्याकडेला टाकतात, तसं चालतं का?

चालत नाही. बांधकाम कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांपासून तो निर्माण करणाऱ्यावरच जबाबदारी आहे. रस्त्यावर, नाल्यात, मोकळ्या जागेत टाकायला बंदी आहे. नदीपात्रात रिकामा झालेला राडारोड्याचा प्रत्येक टेम्पो पावसाळ्यात पाण्याची वाट अडवतो, आणि पाणी कोणाच्या तरी घरात शिरतं.

मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसला विचारून ठरलेल्या जागेवर पाठवा. टेम्पोवाला कुठे खाली करणार ते विचारा आणि पावती मागा. प्रक्रिया केंद्रात त्याची खडी, पेव्हर ब्लॉक होतात, पण त्यात प्लास्टिक, थर्मोकोल, घरचा ओला कचरा नसेल तर. पुण्यात जुन्या वस्तूंसाठी ‘स्वच्छ’ संस्थेचे व्ही-कलेक्ट उपक्रम होतात, तिथे घरातलं बरंच काही मार्गी लागतं.

१७. जुनी फरशी काढलीच नाही तर?

मला हा पर्याय नेहमी आवडतो. जुनी मोझॅक फरशी घट्ट असेल तर मशीनने घासून पॉलिश करा, अनेकदा नव्यापेक्षा देखणी निघते. नवी टाइल हवीच असेल तर ॲडहेसिव्हने थेट वर बसवता येते. दोन इंचांचा सिमेंट-रेतीचा थर एका चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजन वाढवतो, तो इथे वाचतो. फक्त दारं खालून कापावी लागतात, आणि बाथरूमच्या पाण्याचा उतार आधी बघावा लागतो. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर फरशी पोकळ वाजत असेल तर ती काढायलाच हवी.

१८. घरकामाच्या ताईंना किंवा गावच्या घराला द्यावं म्हणतो. योग्य आहे ना?

हो, विचारून. त्यांच्या दाराचं माप घ्या, मग दार द्या. टेम्पोचं भाडं आपण द्या, नाहीतर भेट त्यांनाच महाग पडते. चांगलं सिंक, नळ, पंखा, ग्रील, टाइल्स जरूर द्या. धरलेलं सिमेंट, वाळवीचा प्लाय, जुनी वायर नको. आपल्या घरात जे धोक्याचं म्हणून वापरणार नाही, ते त्यांच्याही घरात धोक्याचंच आहे.

१९. शॉवरची काच कापून टेबलावर बसवता येईल का?

कोपऱ्यात बारीक शिक्का दिसला तर ती टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच असण्याची शक्यता जास्त. ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. प्रयत्न केला की क्षणात तिचे दाणे होतात. आहे त्याच मापात कुठे बसली तर बसवा. साध्या खिडकीची काच काचवाल्याकडून कापून फोटोफ्रेमला, कपाटाच्या दाराला जाते.

२०. पडवीचे जुने सिमेंटचे पत्रे निघालेत. कोंबड्यांच्या खुराड्यावर घालू?

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. अख्खा पत्रा पडून राहिला तर धोका कमी, पण कापला, भोक पाडलं, फोडला की सूक्ष्म तंतू हवेत उडतात आणि फुफ्फुसात कायमचे बसतात. म्हणून कापून वापरणं नको, तुकडे भरावात टाकणंही नको. काढताना पाणी मारून ओला करा, बोल्ट करवतीने कापण्यापेक्षा सोडवा, पत्रा आपटू नका. मग जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, इतर राडारोड्यात न मिसळता, घातक कचरा म्हणून कुठे द्यायचा ते पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला विचारा. खुराड्यासाठी लोखंडी पत्रा घ्या.